पाच सेकंद उशिरा पडलेला ब्रेकर: बेलापूरमधल्या एका व्यापारी इमारतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सीबीडी बेलापूरमधली बारा मजली व्यापारी इमारत. तळाला दुकानं आणि एक बँक, वर कार्यालयं, मधल्या एका मजल्यावर निदान केंद्र. इमारतीची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे मात्र तसेच ठेवले आहेत, कारण हे प्रकरण आकड्यांमुळेच घडलं.

महावितरणचा २२ केव्हीचा पुरवठा, तळमजल्यावर सबस्टेशन आणि त्यात प्रत्येकी १००० केव्हीएचे दोन ड्राय टाइप (तेलाऐवजी रेझिनचं इन्सुलेशन असलेले) ट्रान्सफॉर्मर. डेल्टा-स्टार जोडणी (एका बाजूची वेटोळी त्रिकोणात, दुसऱ्या बाजूची ताऱ्यात), इम्पिडन्स, म्हणजे शॉर्टच्या करंटला होणारा आतला अडथळा, ५ टक्के. प्रत्येकाच्या २२ केव्ही बाजूला, म्हणजे वरच्या बाजूला, व्हीसीबी (व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर) आणि न्यूमेरिकल रिले, म्हणजे करंट मोजून ब्रेकरला उघडायचा हुकूम देणारं डिजिटल उपकरण. ४३३ व्होल्टच्या, म्हणजे खालच्या, बाजूने बसडक्ट (पत्र्याच्या पेटीतल्या जाड वाहक पट्ट्या) निघून भिंतीपलीकडच्या मुख्य पॅनलमध्ये जातो आणि तिथे १६०० अँपियरच्या एसीबीवर (एअर सर्किट ब्रेकरवर) संपतो. दोन्ही ट्रान्सफॉर्मरच्या बस (पॅनलमधल्या मुख्य पट्ट्या) जोडणारा कपलर आहे, पण दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकत्र चालू राहू नयेत म्हणून त्याला इंटरलॉक आहे. हा इंटरलॉक जपायलाच हवा. एका ट्रान्सफॉर्मरवर पूर्ण शॉर्ट झाला तर सुमारे २६.७ किलोअँपियर करंट वाहतो. दोन एकत्र चालले तर तो ५३ किलोअँपियरवर जातो आणि पॅनल ५० किलोअँपियरच सोसू शकतं.

पुढे लागणारे आणखी काही आकडे इथेच देतो. पूर्ण लोडला २२ केव्ही बाजूला २६.२ अँपियर, ४३३ व्होल्टच्या बाजूला १३३३ अँपियर. दोन्ही बाजूंचं गुणोत्तर ५०.८. त्यामुळे खालच्या बाजूच्या पूर्ण तीन-फेज शॉर्टला वरच्या रिलेला फक्त ५२५ अँपियर दिसतात.

समस्या कशी सुरू झाली

पुरवठा गेला आणि परत आला की अधूनमधून पहिल्या ट्रान्सफॉर्मरचा व्हीसीबी चार्ज करताक्षणी (पुरवठा जोडताक्षणी) पडायचा, म्हणजे ट्रिप होऊन आपोआप पुरवठा तोडायचा. इमारतीचे जुने वायरमन, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी मला नंतर सांगितलं, "साहेब, चार वेळा टिकायचा, पाचव्यांदा उडायचा. मग वरून फोन सुरू. लिफ्टमध्ये माणसं, निदान केंद्राची मशिनं बंद. मी धावत जाऊन परत चढवायचो, की राहायचा."

मामांच्या या वर्णनातच निदान होतं. ट्रान्सफॉर्मर चार्ज होताना गाभा चुंबकित होण्यासाठी काही क्षण मोठा करंट खेचला जातो, त्याला इनरश म्हणतात. तो पूर्ण लोडच्या आठ ते बारा पट जाऊ शकतो आणि लगेच ओसरू लागतो. मागच्या वेळी बंद होताना गाभ्यात किती चुंबकत्व उरलं होतं आणि ब्रेकर नेमका लाटेच्या कोणत्या बिंदूवर लागला, यावर तो दर वेळी कमीजास्त होतो. म्हणून चार वेळा टिकतो आणि पाचव्यांदा पडतो. बारा पट धरले तर इथे ३१५ अँपियर होतात, आणि रिलेचं इन्स्टंटेनियस सेटिंग, म्हणजे ज्याच्या वर तो न थांबता लगेच ट्रिप देतो तो आकडा, २०० अँपियरवर होतं. ब्रेकर पडणारच होता.

ते २०० आले कुठून, हे कुणालाच सांगता आलं नाही. कमिशनिंगच्या अहवालात तीन आकडे होते: पिकअप (ज्या करंटपासून रिले वेळ मोजू लागतो तो) ३० अँपियर, टाइम मल्टिप्लायर (थांबण्याचा वेळ कमीजास्त करणारा गुणक) ०.१, इन्स्टंटेनियस २००. त्यामागचा हिशेब कुठेही नव्हता. २०० आणखी एका कारणाने चुकीचं होतं. वरचे २०० म्हणजे खालचे सुमारे १०,१६० अँपियर. खालच्या पॅनलच्या कुठल्याही फीडरवर (पॅनलमधून पुढे जाणाऱ्या लाइनवर) एवढा फॉल्ट आला असता, तर त्या फीडरच्या ब्रेकरच्या आधी किंवा त्याच्याबरोबरच वरचा व्हीसीबी पडून अर्धी इमारत अंधारात गेली असती.

सोसायटीने पॅनलचं काम करणाऱ्याला बोलावलं. त्याच्या माणसाने इन्स्टंटेनियस बंद केलं, पिकअप ७५ अँपियरवर नेलं आणि टाइम मल्टिप्लायर ०.५ केला. सारखे असावेत म्हणून दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरलाही तेच आकडे दिले. सबस्टेशनच्या रजिस्टरमध्ये त्या दिवशीची नोंद निळ्या शाईत आहे: "सेटिंग वाढवले. आता ट्रिप होणार नाही." खाली सही आहे. नवे आकडे कुठेच नाहीत.

आणि खरंच, त्यानंतर ट्रिप झाला नाही. तब्बल चौदा महिने.

घटना

जुलैमधला रविवार, सकाळी साडेआठ. लोड अगदी कमी. बसडक्टच्या वरून वातानुकूलन यंत्राच्या पाण्याचा एक नळ गेला होता आणि त्याचा सांधा ठिबकत होता. उन्हाळ्यात बसडक्टचे बोल्ट आवळले गेले, तेव्हा एका जोडाच्या झाकणाचं रबरी गॅस्केट परत बसवलं गेलं नव्हतं. पाणी नेमकं त्याच जोडावर साचत राहिलं.

मामांनी आधी गुरगुर ऐकली, मग धडाका, मग "वेल्डिंग करतात तसा उजेड दाराच्या फटीतून". उजेड थांबेना. त्यांनी दार उघडलं नाही, हे त्यांचं शहाणपण. कुणालाही इजा झाली नाही.

मी दुपारी पोचलो तेव्हा सबस्टेशनमध्ये जळक्या इपॉक्सीचा वास होता. बसडक्टचं झाकण उघडलं तर आतल्या पत्र्यावर ॲल्युमिनियमचे मोहरीएवढे मणी चिकटले होते. एका फेजची पट्टी हातभर लांब वितळून गेली होती आणि शेजारच्या दोन पट्ट्यांच्या कडा चघळलेल्या बोरासारख्या दिसत होत्या.

खरी साक्ष रिलेच्या नोंदीत होती. पहिले चार सेकंद २२ केव्हीच्या दोन फेजमध्ये साधारण १२० अँपियर आणि तिसऱ्या फेजमध्ये जवळपास काहीच नाही. मग तिन्ही फेज सुमारे ३०० अँपियरवर चढले आणि आणखी सेकंदभराने ब्रेकर पडला. एकूण पाच सेकंदांहून थोडं जास्त.

हे पाच सेकंद का लागले

खालच्या एसीबीला हा फॉल्ट दिसूच शकत नव्हता. एसीबी स्वतःमधून वाहणारा करंट मोजतो, आणि फॉल्ट त्याच्या अलीकडे, ट्रान्सफॉर्मर आणि एसीबी यांच्यामधल्या डक्टमध्ये होता. तेवढ्या पट्ट्याला राखणारा एकच प्रहरी होता, वरचा रिले. व्यापारी इमारतींमध्ये हा पट्टा नेहमी विसरला जातो. सगळं लक्ष एसीबीच्या सेटिंगवर असतं आणि त्याच्या मागच्या दहा-बारा मीटरचा विचार कुणी करत नाही.

सुरुवात एका फेजच्या अर्थ फॉल्टने, म्हणजे करंट जमिनीकडे निसटण्याने, झाली. डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरमध्ये खालचा एका फेजचा अर्थ फॉल्ट वरच्या बाजूला दोन फेजमध्ये दिसतो, आणि तीन-फेज फॉल्टच्या मानाने फक्त ५८ टक्के. वरचे १२० म्हणजे खाली प्रत्यक्षात साडेदहा किलोअँपियरचा आर्क (हवेतून पेटत राहणारा करंट). वरच्या अर्थ फॉल्ट घटकाला यातलं काहीच कळत नाही, कारण डेल्टा शून्य क्रमाचा (तिन्ही फेजमध्ये एकसारखा, जमिनीवाटे परतणारा) करंट पलीकडे जाऊ देत नाही.

७५ अँपियरच्या पिकअपवर १२० म्हणजे १.६ पट. स्टँडर्ड इन्व्हर्स वक्रावर (करंट जितका जास्त, तितका वेळ कमी) ०.५ च्या मल्टिप्लायरला तिथे ७.४ सेकंद लागतात. रिले मोजत राहिला. चार सेकंदांनंतर आर्क इतर फेजपर्यंत पोचला, करंट वाढला आणि मग कुठे ट्रिप आला. मोठा फॉल्ट झाला म्हणून ब्रेकर सुटला, नाहीतर एकूण ७.४ सेकंद गेले असते.

पूर्ण तीन-फेज शॉर्ट झाला असता तर हाच रिले १.७६ सेकंदांत पडला असता. ट्रान्सफॉर्मरने शॉर्ट सर्किट सोसायची मुदत सर्वसाधारणपणे २ सेकंद धरतात. ७५ आणि ०.५ हे आकडे कागदावर त्यामुळेच चालून जातात. जळतं ते आर्किंगच्या, कमी करंटच्या फॉल्टला.

आणखी एक गोष्ट सापडली आणि ती पाहून मला फार वाईट वाटलं. न्यूट्रलच्या अर्थ पट्टीवर सीटी (करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) बसवलेला होता. त्याच्या दोन्ही वायरी पॅनलपर्यंत आणलेल्या होत्या. तिथे त्या तांब्याच्या छोट्या तुकड्याने शॉर्ट करून ठेवल्या होत्या, कारण रिलेच घेतला नव्हता. या फॉल्टसाठी जे साधन हवं ते निम्मं बसवून सोडून दिलं होतं.

पहिला निर्णय: त्याच रात्रीचा

पहिला ट्रान्सफॉर्मर बंद. कपलर लावून सगळं लोड दुसऱ्यावर घ्यायचं होतं, आणि दुसऱ्याच्या रिलेत तेच ढिले आकडे. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "सर, उद्या सोमवार आहे. बँक उघडायची आहे. आधी लाईट द्या, सेटिंगचं नंतर बघू."

त्यांची अडचण खरी होती. तरी मी नाही म्हटलं. जे सेटिंग आज पाच सेकंद थांबलं, त्याच्याच भरवशावर पूर्ण इमारत एका ट्रान्सफॉर्मरला लटकवायची माझी तयारी नव्हती.

जुने मूळ आकडे परत घालायचे, की नवे? मूळ आकडे घातले असते तर सोमवारी सकाळी चार्ज करतानाच पडण्याची भीती, शिवाय ०.१ मल्टिप्लायरला ५२५ अँपियरवर पाव सेकंदाच्या आत ट्रिप, म्हणजे एसीबीशी झटापट. मी कागदावर हिशेब मांडला आणि पिकअप ३६ अँपियर, मल्टिप्लायर ०.२, इन्स्टंटेनियस ६८० अँपियर असे तात्पुरते आकडे ठरवले. रात्री अकरा वाजता सेकंडरी इंजेक्शन किट (रिलेत ठरावीक करंट सोडून पाहायचं यंत्र) आणून तपासले. वरच्या चार मजल्यांचं वातानुकूलन बंद ठेवून पहाटे लोड दिलं.

पर्याय

पुढच्या आठवड्यात कायमच्या उपायावर बैठका झाल्या. तीन मतं होती.

एक मत व्हीसीबी काढून एचआरसी फ्यूजसह स्विच लावण्याचं. फ्यूजचं सेटिंग कुणी बदलू शकत नाही, हा मुद्दा मला पटत होता. पण आपल्याकडे १००० केव्हीए आणि त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला वरच्या बाजूला सर्किट ब्रेकर लागतो, आणि फ्यूजला न्यूट्रल रिलेकडून ट्रिप देता येत नाही. तो पर्याय तिथेच संपला.

दुसरं मत एका भाडेकरू कंपनीच्या सुरक्षा विभागाचं. कंपनी अमेरिकी, त्यामुळे त्यांनी तिथल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचा ४५० क्रमांकाचा भाग पुढे केला. त्यात ६ टक्क्यांपर्यंत इम्पिडन्सच्या ट्रान्सफॉर्मरला १००० व्होल्टवरच्या प्राथमिक बाजूला ब्रेकर पूर्ण लोडच्या ६०० टक्क्यांपर्यंत चालतो, आणि १००० व्होल्टपर्यंतच्या दुय्यम बाजूला १२५ टक्के; प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखालच्या जागी दुय्यम बाजूला २५० टक्के. त्यांचं म्हणणं, हे पाळलं की झालं.

मी त्यांना बसडक्टचे फोटो दाखवले आणि एक भागाकार करून दाखवला. ७५ भागिले २६.२ म्हणजे २८६ टक्के. ज्या सेटिंगने डक्ट जाळला ते या ६०० टक्क्यांच्या मर्यादेत आरामात बसतं. कोडची टक्केवारी ही कमाल हद्द आहे, त्या हद्दीच्या आत कुठे उभं राहायचं हे त्या जागेच्या फॉल्ट करंटवरून ठरतं. त्या विभागाच्या बाईंनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या कामात सगळ्यात जास्त मदत त्यांचीच झाली.

तिसरं मत माझं: सगळ्या उपकरणांचे वेळ-करंट वक्र एकाच आलेखावर काढायचे, सेटिंग त्यावरून ठरवायची आणि न्यूट्रल सीटीला रिले जोडायचा. डिफरन्शियल (दोन्ही बाजूंचे करंट ताडून पाहणाऱ्या) संरक्षणाचाही विषय निघाला. १००० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला ते लावणं मला गरजेपेक्षा जास्त वाटलं. न्यूट्रल रिलेने बहुतेक काम होतं आणि तो सांभाळायला सोपा असतो.

काय केलं

महावितरणकडून फीडरच्या रिलेचं सेटिंग मागवलं, म्हणजे वरची हद्द कळली. खालून प्रत्येक मजल्याच्या मोठ्या एमसीसीबीचे (फीडरच्या ब्रेकरचे) वक्र घेतले. मधल्या जागेत आपले आकडे बसवायचे होते.

एसीबीला ओव्हरलोडसाठी १३६० अँपियर, शॉर्ट-टाइम ६८०० अँपियरला ०.२ सेकंद, अर्थ फॉल्ट ३०० अँपियरला ०.२ सेकंद, आणि इन्स्टंटेनियस बंद. हे शेवटचं बंद करताना एसीबी पूर्ण फॉल्ट करंट तेवढा वेळ सोसू शकतो का, हे त्याच्या प्लेटवरून तपासलं.

वर पिकअप ३६ आणि मल्टिप्लायर ०.२ कायम ठेवला. ५२५ अँपियरला तो साधारण अर्ध्या सेकंदात पडतो, म्हणजे एसीबीच्या मागे तीन दशांश सेकंदांचं अंतर राहतं. इन्स्टंटेनियस ६८० अँपियरला, म्हणजे खालच्या कमाल फॉल्टपेक्षा तीस टक्के वर. तो आता फक्त २२ केव्ही बाजूच्या किंवा ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या फॉल्टलाच पडेल, आणि ३१५ अँपियरच्या इनरशला हातही लावणार नाही.

इथे सीटीचा प्रश्न आला. सीटी ५०/१, वर्ग ५पी१०. दहा पट म्हणजे ५०० अँपियरपर्यंतच हमी आणि आम्हाला हवे ६८०. सीटी बदलायची तयारी ठेवली होती. पण ही हमी पूर्ण बर्डनची (सीटीवर जोडलेल्या भाराची) असते. न्यूमेरिकल रिलेचं बर्डन नगण्य, वायरही चार मीटरची, त्यामुळे प्रत्यक्षात सीटी बराच पुढे जाऊन संपृक्त होतो. तरी नुसत्या हिशेबावर विसंबलो नाही, नी-पॉइंट चाचणी (सीटी कुठे संपृक्त होऊ लागतो ते पाहणारी) घेतली आणि मगच तोच सीटी ठेवला.

रिलेत तिन्ही फेजचे घटक चालू असल्याचीही खात्री केली. काही जुन्या पॅनलमध्ये दोनच फेजवर ओव्हरकरंट असतो. डेल्टा-स्टारमध्ये खालच्या दोन फेजच्या शॉर्टला वर एका फेजमध्ये पूर्ण आणि इतर दोघांत निम्मा करंट येतो. नेमका पूर्ण करंटचाच फेज मोजला जात नसेल, तर रिलेला निम्माच फॉल्ट दिसतो.

न्यूट्रल रिले ४०० अँपियर, ०.४ सेकंदांवर ठेवला आणि त्याचा ट्रिप व्हीसीबीला दिला. एसीबी पाडून उपयोग नव्हता, फॉल्ट त्याच्या अलीकडे असतो. जोडल्यावर पहिल्याच दिवशी रिलेमध्ये चाळीसेक अँपियर सतत दिसू लागले. शोधलं तर जनरेटरच्या पॅनलवरही न्यूट्रल अर्थ केलेला आणि चेंजओव्हर (महावितरण आणि जनरेटर यांत अदलाबदल करणारा स्विच) तीन पोलचा, न्यूट्रल न तोडणारा. म्हणजे न्यूट्रलचा करंट दोन वाटांनी परतत होता, आणि खऱ्या फॉल्टचाही काही भाग सीटी चुकवून गेला असता. चेंजओव्हर चार पोलचा केला, आकडा शून्याजवळ आला.

बसडक्टचा जळका भाग बदलला, पाण्याचा नळ दुसरीकडे वळवला. ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग रेझिस्टन्स, रेशो आणि मेगर (इन्सुलेशनची) चाचणी घेतली, रेझिनवर तडे नसल्याचं टॉर्च लावून इंच-इंच पाहिलं. दहाव्या दिवशी पहिला ट्रान्सफॉर्मर परत लोडवर आला.

निष्पत्ती

त्या दिवशी आम्ही तो सलग पाच वेळा चार्ज केला. मामा प्रत्येक वेळी कानावर हात ठेवून उभे. एकदाही पडला नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यांत पुरवठा कितीदा गेला-आला, व्हीसीबी टिकून आहे. सातव्या मजल्याच्या फीडरवर एकदा मोठा शॉर्ट झाला, तेव्हा तिथला एमसीसीबी पडला आणि वर कुठेही हालचाल झाली नाही.

जुलैचा तो फॉल्ट आज झाला, तर न्यूट्रल रिले ०.४ सेकंदांत ट्रिप देईल आणि ब्रेकर उघडेपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत सगळं संपेल, आर्क दुसऱ्या फेजपर्यंत पोचायच्या आधी. आणि न्यूट्रल रिले चुकला तरी ३६ आणि ०.२ च्या सेटिंगला १२० अँपियरवर जेमतेम १.१५ सेकंद लागतात.

आता रिलेला पासवर्ड आहे. पॅनलच्या दाराच्या आत लॅमिनेट केलेला आलेख आहे आणि त्याखाली प्रत्येक आकड्यासमोर तो का ठेवला हे एका ओळीत लिहिलं आहे. बदल करायचा तर जुना आकडा, नवा आकडा आणि कारण रजिस्टरमध्ये लिहून दोन सह्या लागतात.

काय वेगळं करता आलं असतं

चौदा महिन्यांपूर्वी एकच आकडा बदलायला हवा होता. इन्स्टंटेनियस २०० वरून ६८० वर नेलं असतं तर इनरशचा त्रास त्याच दिवशी संपला असता आणि संरक्षण ढिलं झालं नसतं. ज्या मुलाने सेटिंग वाढवली त्याला मी दोष देत नाही. त्याला कुणी ५२५ किंवा ३१५ हे आकडे दिलेच नव्हते. त्याला फक्त सांगितलं होतं की ट्रिप थांबव.

माझी चूक त्या पहिल्या रात्रीची आहे. दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरचं ओव्हरकरंट मी नीट केलं, पण त्याच्या न्यूट्रल सीटीचे शॉर्ट केलेले टोक मी तसेच ठेवले. पूर्ण अभ्यास झाल्यावर दोन्ही एकदम करू, असा विचार केला. म्हणजे दहा दिवस जवळपास पूर्ण इमारत एका ट्रान्सफॉर्मरवर आणि तिथे अर्थ फॉल्टला वेगळं संरक्षण नाही. सोमवारी दुपारी मुंबईतल्या लोहार चाळीच्या बाजारातून एक साधा अर्थ फॉल्ट रिले आणून संध्याकाळपर्यंत जोडता आला असता. आता असं काम आलं की मी किटबरोबर तसा एक रिले गाडीत ठेवतो.